अल्बममध्ये नसलेले बाबा

धाकट्या,

"फोटोग्राफर अनुभवी आहे, शिवाय स्वस्त," असे माझ्या लग्नाआधी तू घरात जाहीर केले होतेस. अनुभव निर्विवाद आहे. हा गृहस्थ विकाऊ घरांचे फोटो काढतो. त्यामुळे सभागृहाचे खांब, जिना, खिडक्या अप्रतिम आल्या आहेत आणि माणसे अडचण झाल्यासारखी कडेला उभी आहेत. बाबा एकाही फोटोत नाहीत, आणि आता त्यांचा फोटो काढायला बाबाच राहिले नाहीत. लग्नाच्या संध्याकाळी मंचावरून मी त्यांनाच शोधत होते.

अल्बम तुझ्या टेबलावर ठेवला आहे, घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे. नवा खुलासा नको. काल फोनवर दिलास तो पुरेसा आहे: "ताई, तो म्हणाला चाकाची खुर्ची मध्ये येतेय, म्हणून मीच बाबांना बाहेर व्हरांड्यात नेऊन बसवलं."