वळणापासून कड्यापर्यंत

ऑल्डर क्रीक, नेब्रास्का
१४ मार्च १९४९

चि. ऑरिन यास ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आणि संत्र्यांची पेटी पोचली. संत्री गोड निघाली, अक्षर मात्र अजून कोंबडीने चिखलात पाय उमटवावेत तसंच आहे. लहानपणी आईच्या कात्रीने खिडकीचे पडदे कापून मार खाल्लास आणि आता फिल्म कापून पोट भरतोस, याचं मला अजून हसू येतं. इकडे बर्फ वितळलं. माझा गुडघा कुरकुरतो, पण कोंबड्यांना त्याची काही पडलेली नाही.

आता खरं लिहिते. शनिवारी चर्चमधल्या बायकांनी मला ओढून सिनेमाला नेलं. तुमच्याच कंपनीचा, घोडे आणि बंदुकांचा. मध्येच डोंगराच्या वळणावरून काळं जाकीट घातलेला एक दरोडेखोर दौडत आला. वाऱ्याने डोळ्यांवर आलेली टोपी त्याने हाताने मागे सारली, आणि ऑरिन, तो माझा वेंडेल होता. मला नीट बघताही आलं नाही तोवर तो घोड्यासकट कड्यावरून खाली गेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुकानवाल्या टटलची बायको मान वळवून माझ्याकडे बघत राहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, की अगं, तुझा मुलगा गेला तो असा होय!

दीड वर्षापूर्वी तू लिहिलं होतंस की काम करताना घोड्यावरून पडून गेला. तेव्हा कॅमेरा चालू होता हे लिहिलं नव्हतंस. हेच पडणं नाताळातल्या एका चित्रपटातही होतं म्हणे, भलत्याच गोष्टीत. एका पोराला तुम्ही किती वेळा मारणार आहात? काय ते सरळ कळव.

रागावले आहे, पण तुझी काळजी आहेच. दुधाशिवाय कॉफी पीत जाऊ नकोस.
तुझी ताई

हॉलीवूड
२३ मार्च १९४९

ती. ताईस ऑरिनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दिवसभर कात्री हातात धरवली नाही. तुला ते कधी दिसू नये असं मनापासून वाटत होतं. पण नेब्रास्कातसुद्धा सिनेमे लागतात हे मी सोयीस्कर विसरलो.

आमची कंपनी म्हणजे गरिबांची चूल. आठवड्यात चित्रपट उरकायचा असतो. मग आग, गुरांची पळापळ, कड्यावरून पडणं असं काही चांगलं मिळालं की ते तुकडे जपून ठेवतात आणि पुढच्या चित्रपटांत चिकटवतात. वेंडेलचा तुकडा सगळ्यात चांगला समजतात. म्हणून तर आता दर चित्रपटात एका बदमाशाला तेच काळं जाकीट घालतात, म्हणजे जोड दिसत नाही. आणि ते जोडायला मीच बसतो, ताई. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायलाही जीव धजत नाही.

मालक पेल्ट्झसाहेबांकडे गेलो होतो. म्हटलं, हा तुकडा आता राहू द्या, माझा भाचा आहे तो. त्यांनी सिगार विझवली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की असं पडणं पुन्हा मिळायचं नाही, आणि पोरगा स्वतः तर काही तक्रार करत नाहीये. खोलीतले सगळे हसले. मीही थोडा हसलो. नोकरी आहे.

काय करू सांग. तू म्हणशील ते करीन. गुडघ्याला जप.
तुझा ऑरिन

ऑल्डर क्रीक
२ एप्रिल १९४९

चि. ऑरिन यास आशीर्वाद.

हसलास ते लिहिलंस हे बरं केलंस. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तुझं तोंड पाहिलं नसतं.

तुमचे चित्रपट चालोत नाहीतर बुडोत, मला त्याच्याशी काही करायचं नाही. माझ्या पोराला त्यातून काढ. एवढं एक काम कर, पुन्हा काही मागणार नाही.
ताई

हॉलीवूड
१९ जून १९४९

ती. ताईस सा. न. वि. वि.

काम झालं! पेल्ट्झसाहेब मासे मारायला गेले होते, तेवढ्यात जपून ठेवलेल्या मूळ तुकड्यालाच कात्री लावली. अख्खा तुकडा गायब झाला असता तर दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर आलो असतो, म्हणून डोकं चालवलं. वळणावरून येतो, टोपी सारतो, चेहरा दिसतो, तो भाग कड्यापर्यंत सगळा काढला. आता उरलंय ते फक्त पाठमोरं पडणं. पडणारा कोण, हे त्याच्या आईलाही ओळखता यायचं नाही. टटलबाईला बघू दे मान वळवून!

साहेबांना पत्तासुद्धा लागला नाही. उलट म्हणाले की तुकडा आता जास्त चपळ वाटतो. पुढचा चित्रपट तुमच्याकडे येईल तेव्हा निर्धास्त जा.

बऱ्याच दिवसांनी झोप लागली. अशीच पाठीशी राहा.
तुझा ऑरिन

ऑल्डर क्रीक
९ ऑक्टोबर १९४९

ऑरिन,

काल जाऊन आले. तुझं काम चोख आहे. टटलबाईने मान वळवली नाही, मक्याच्या लाह्या खात बसली. मी शेवटपर्यंत वळणाकडे डोळे लावून होते. वळण आलंच नाही. एक पाठ दिसली आणि खाली गेली.

सतराव्या वर्षी तो तुझ्याकडे आला, नंतर पाच वर्षांत एकदाही घरी आला नाही. माझ्याजवळ आहे तो शाळेतला फोटो, त्यात उन्हाने डोळे मिटलेले. शवपेटी आली तेव्हा उघडू नकोस असं तूच तारेत कळवलं होतंस, मी उघडली नाही. मोठा झालेला वेंडेल मी पाहिला तो फक्त त्या वळणावर. गाल भरले होते, बापासारखी हनुवटी आली होती. मार्चमध्ये मी तुला पत्र टाकलं आणि पुढच्याच शनिवारी एकटी पुन्हा गेले. त्याने टोपी मागे सारली की आपण डोळे मिटायचे, एवढं शिकले होते.

हो, माझ्या पोराला त्यातून काढ असं मीच लिहिलं. आईने असं लिहिलं तर त्याचा अर्थ काय, हे तुला कळेल असं वाटलं. मरणातून काढ म्हटलं होतं रे. तू पोराला काढलंस आणि मरण तेवढं ठेवलंस. त्या पेल्ट्झला सिगार ओढताना जमलं नाही ते तू माझ्यावर माया करून केलंस.

कापलेला तुकडा पाठव. मशीन नसलं तरी उजेडात धरून बघीन.
ताई

हॉलीवूड
१७ ऑक्टोबर १९४९

ती. ताईस सा. न.

कसं लिहू कळत नाही. खाली पडलेले तुकडे आमच्याकडे पिंपात टाकतात. फिल्ममध्ये चांदी असते, ती काढायला पिंपं जातात आणि फिल्म वितळवतात. जूनमधली पिंपं जूनमध्येच गेली. आधीच्या चित्रपटांच्या प्रतींसाठी सगळीकडे विचारलं. झिजल्या म्हणून त्याही तिकडेच पाठवल्या.

मला वाटलं होतं तुला हेच हवंय. देवाशपथ, तेच वाटलं होतं. काहीतरी लिही, शिव्या दिल्यास तरी चालतील.
ऑरिन

ऑल्डर क्रीक
५ नोव्हेंबर १९४९

ऑरिन,

शिव्या द्यायला अंगात जोर लागतो. थंडी पडली, कोंबड्या आत घेतल्या.

सिनेमाघरात मशीन चालवायला उन्हाळ्यात एक नवा माणूस आलाय, नॉर्बर्ट नावाचा, कॅन्ससकडचा. झरोक्यातून तो सगळे चित्रपट बघतो, वेंडेल दिसायचा ते जुने उरलेलेही त्यानेच लावले होते. काळ्या जाकिटातला तो या बाईंचा मुलगा, असं कुणीतरी त्याला कौतुकाने सांगितलं. तो गेला, हे सांगायचं राहिलं असावं.

आज पोस्टात भेटला. टोपी काढून म्हणाला की तुमचा मुलगा हल्ली पडद्यावर दिसत नाही, ते जाकीट घालून दुसराच कुणीतरी पडतो. त्याला याहून बरं काम लागलं का?

मी हो म्हटलं.

हेस्टर