मायला शिकवलेलं जपानी

माय, जपानला जायच्या आधी मी सगळ्यात जास्त कशाला घाबरत होतो ते तुला कधी सांगितलं नाही. विमानाला घाबरत होतो, भूकंपाला घाबरत होतो, पासपोर्टच्या फोटोत एकच कान दिसतो म्हणून विमानतळावर अडवतील याला घाबरत होतो. पण खरी भीती तुझ्या तोंडाची होती. सुरतेत कतारगामच्या आमच्या कारखान्यात शेठनं जपानी माग आणायचे ठरवले आणि ते दुरुस्त करायला शिकण्यासाठी एका माणसाला वर्षभर तिकडे पाठवायचं होतं. शेठच्या पुतण्याचं लग्न ठरलं, तो नाही म्हणाला, आणि फिटर म्हणून माझं नाव पुढे आलं. मी सातवी शिकलेला, दोन लेकरांचा बाप, एकट्यानं नंदुरबारच्या पुढे कधी गेलो नव्हतो. अट अशी होती की आधी तीन महिने नुसती भाषा शिकायची, मग तोंडी परीक्षा. पास झाला तर तिथल्या कारखान्यात जाईल, नापास झाला तर परत सुरतेला. ही अट ऐकून मी तुला म्हणालो, मी नाही जात. तू उंबऱ्यात बसून साड्यांचे सुटे धागे कापत होतीस. कात्री न थांबवता म्हणालीस, "तठे बी मानसंच शेतस ना? मंग कसाले भ्यास?" आणि त्याच संध्याकाळी तू सगळ्या गल्लीला लेकाचं कौतुक सांगून आलीस, "मना आंडोर जपानी बोलस." बोलेल नाही, बोलस. अजून माझा व्हिसाही झाला नव्हता.

तिथे आमच्या वसतिगृहातच वर्ग होता. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, अंगानं बारीक, आवाज चिमणीसारखा. वाक्याच्या शेवटी आपण 'ना' म्हणतो तसा त्या 'ने' लावायच्या, अगदी आपल्या भाजीवाल्या गुजराती मावशीसारखा, त्यामुळे पहिल्या दिवशी जरा बरं वाटलं. त्यांच्या भाषेत 'हाई' म्हणजे 'हो', हेही पहिल्याच दिवशी शिकवलं. पण घाबरलो की माझ्या तोंडातून तुझीच अहिराणी निघते, ते तुला ठाऊक आहे. बाई पुस्तकावर बोट ठेवून विचारायच्या, कळलं का? मी पुढच्या ओळीवर बोट ठेवून विचारायचो, "हाई?" म्हणजे, आणि हे? बाई खूश होऊन पान उलटायच्या. मला वाटायचं, इथे न कळलेलं पुढच्या पानावर समजावतात, अशीच इथली रीत असेल. तीन महिने आमचं हे असं सुरळीत चाललं. माझ्याइतका भराभर शिकणारा माणूस त्यांनी पाहिला नाही, असं त्या बाकीच्यांना सांगत होत्या. हे मला फार उशिरा कळलं.

परीक्षेच्या खोलीत दोन साहेब बसले आहेत आणि त्यांच्या शेजारी बाई, कौतुकानं माझ्याकडे बघत. एक साहेब मागाचं चित्र पुढे सरकवतात, काहीतरी विचारतात. मी चित्रातल्या नळीवर बोट ठेवतो. "हाई?" ते पुन्हा विचारतात. मी शेजारच्या चाकावर बोट ठेवतो. "हाई?" साहेब पेन खाली ठेवतात, बाईंकडे बघतात. बाईंचा चेहरा उतरतो. त्या क्षणी मला साहेब दिसेनासे झाले आणि आपली गल्ली दिसायला लागली. मी बॅग घेऊन परत येतोय आणि बाया तुला विचारताहेत, काय हो, तुमचा आंडोर जपानी बोलत होता ना?

मग काय झालं मला सांगता येत नाही. मी उठून उभा राहिलो आणि आपण बोलतो त्याच क्रमानं त्यांचे शब्द एकामागे एक ठेवत गेलो. त्यांचंही क्रियापद आपल्यासारखं शेवटीच येतं, आणि 'सुरतेहून' मधला 'हून' त्यांच्यातही नावाच्या मागेच लागतो. मी म्हणालो, मी सुरतेहून आलो. माझ्या आईच्या भाषेत 'हाई' म्हणजे 'हे'. मी हो म्हणत नव्हतो. तीन महिने विचारत होतो.

बाईंनी तोंडावर हात धरला. मला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साहेबांना हसू आलं नाही. म्हणाले, म्हणजे तीन महिन्यांत याला काहीच कळलं नाही? तेव्हा बाई डोळे पुसत म्हणाल्या, "पण हे आत्ता तो जपानीतच बोलला ने?"

काठावर पास झालो, माय. मग कारखान्यात नऊ महिने काढले, माग शिकलो, कच्चा मासा सोडून सगळं खायला शिकलो. आणि परत आलो त्या दिवशी तू गल्लीतल्या साऱ्या बाया ओट्यावर बसवून ठेवल्या होत्यास. मला बूट काढू दिले नाहीस. म्हणालीस, "बोल रे, जपानी बोल." इतक्या बाया बघून माझ्या डोक्यातलं सगळं उडून गेलं. उरलं ते एवढंच, रोज कारखान्याला जाताना आगगाडीत ऐकायचो ते. मी हात जोडून म्हणालो, "दोआ गा शिमारिमास, गो-च्यूई कुदासाई." बायांनीही हात जोडले. तू विचारलंस, "याना अर्थ काय शे?" मी म्हणालो, देव तुमचं भलं करो.

तू ते पाठ केलंस. पुढे घरातून कुणी गावाला निघालं की डोक्यावर हात ठेवून तेच म्हणायचीस. तुझं ऐकून गल्लीतल्या बायाही म्हणायला लागल्या. तू गेलीस त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी आपल्या गल्लीत म्हाताऱ्या अजून लेकीसुनांना तसाच आशीर्वाद देतात. मी तिथून पटकन निघून जातो.

आज समोरच्या घरातली नात वर्षभर जपानी शिकायला तिकडे निघाली. निघताना तिच्या आजीनं डोक्यावर हात ठेवला आणि ते म्हटलं. पोरगी इथेच वर्गाला जाऊन थोडंफार शिकलेली. तिनं झटकन माझ्याकडे बघितलं. मी निघायला वळलो. पण ती आजीच्या पाया पडली आणि म्हणाली, "हो आजी, जपून राहीन."

माय, आगगाडीतल्या त्या वाक्याचा खरा अर्थ दारं बंद होत आहेत, जपून राहा, असा होतो. यातलं अर्धं तरी आशीर्वादातच जमा होतं, असं आज त्या पोरीमुळे मला वाटलं. तू समोर असतीस तर मात्र आजही मी तुला देव भलं करो, असंच सांगितलं असतं.