पाडायच्या घराला मीठ

बाबा, तुमच्याशी इमारतींबद्दल बोलायचंय. दुसऱ्या कुणाजवळ हा विषय काढला तर म्हणतील, हिला कामधंदा नाही. आम्ही जपानात राहतो त्या ग्योतोकुत स्टेशनजवळ सगळ्या नव्या इमारती आहेत, राखाडी टाइल्सच्या, एकसारख्या. पण देवळांकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर अजून काही लाकडी घरं उरलीत, काळ्या कौलांची, दोन उंच इमारतींच्या मध्ये अंग चोरून उभी. तिथून जाताना माझी मान आपोआप वर जाते. ही तुमचीच खोड. साइट सुपरवायझर माणूस, दर रविवारी मला पुण्याच्या रस्त्यांवरून हिंडवायचात. छज्जा बघ, पावसाच्या पाण्याला वाट कुठून दिलीय बघ. मैत्रिणींचे बाबा त्यांना भेळ खायला न्यायचे आणि माझे मला ड्रेनेजचे पाइप दाखवायचे! फार राग यायचा तुमचा.

आपली सोसायटी तुमच्याच देखरेखीखाली उभी राहिली. मी दहा वर्षांची असेन. तुम्ही तापानं झोपलेले, आणि आपल्या होणाऱ्या फ्लॅटच्या ओल्या बांधकामावर पाणी मारायचं काम माझ्याकडे. मी खेळत बसले, गेलेच नाही. संध्याकाळी तुम्ही तसेच तापात जिना चढता, मी मागून येते, तुम्ही कोरड्या विटांवर हात ठेवता. "घरानं तुझ्याकडे काय मागितलं होतं गं? चार बादल्या पाणी. तेवढंही जमेना?" आवाज चढवला नाहीत. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात त्यातल्याच एका, आमच्या इमारतीसमोरच्या लाकडी घरातल्या आजी आमच्या दारात आल्या. हातात कागदात गुंडाळलेला टॉवेल. घर पाडणार, आवाज होईल, धूळ उडेल, माफ करा, असं त्या वाकून सांगत होत्या. घर पाडण्याआधी शेजाऱ्यांकडे असं जायची इथली रीत आहे. आजी आता मुलाकडे कावासाकीला राहणार. शनिवारी सकाळी बघते तर त्या घराच्या चारी कोपऱ्यांवर मीठ टाकतायत, वर थोडी साके, इथली तांदळाची दारू, शिंपडतायत. झालं! मला वाटलं, दृष्टच काढतायत. लेकीचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं, म्हणून तिला म्हटलं, "विचार ना, घरात काही बाधा-बिधा होती का?" ती लाजेनं लाल. "आई, असं नाही विचारायचं!" तरी मी तिला पुढे ढकललं. तिनं काय विचारलं देव जाणे, पण आजी आधी हसल्या, मग बराच वेळ बोलल्या, मग डोळे पुसले. लेक परत येऊन म्हणाली, "त्या घराला थँक यू म्हणतायत. ओत्सुकारेसामा म्हणाल्या." बाबा, ऑफिसातून निघताना आम्ही रोज एकमेकांना हेच म्हणतो. दिवसभर राबलात, दमला असाल. घराला कुणी असं म्हणतं हे मला माहीतच नव्हतं. मी तिथून घरात निघून आले.

कारण त्याच आठवड्यात आपल्या सोसायटीच्या किल्ल्या बिल्डरला द्यायच्या होत्या. रिडेव्हलपमेंट, दुसरं काय. आई फोनवर म्हणाली होती, "चार दिवस येऊन जा. रिकाम्या घरातून एकदा दोघी फिरू, मग देऊ किल्ल्या." मी म्हटलं, प्रोजेक्टची डिलिव्हरी आहे गं, साहेब रजा देत नाहीत. ती लगेच समजून घेते, हाच तर त्रास आहे. एकटीच गेली. शेजारच्या काकूंनी व्हिडिओ पाठवला. चार दिवसांनी जे घर पडणार, ते आई केर काढून स्वच्छ करतेय. कोपरा न् कोपरा. पुढचं मला बघवलं नाही.

जपानी ऑफिसात रजा मिळत नाही, हे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलेय, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. या वेळी मी मागितलीच नव्हती. भ्याले, बाबा. तुम्ही गेलात तेव्हाही मी उशिराच पोचले होते, पण निदान घर होतं, तुमच्या हातचं. तेही जाताना उभं राहून बघायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून ते सगळं आईवर ढकललं. हे खरं तर तिला सांगायला हवं. तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही आता मला काही विचारू शकत नाही.