पाच पानांवरचा एकच अंगठा

आरू बेटांजवळ, बोटीवरून
बुधवार, १४ ऑक्टोबर

लाडक्या हस्नियास,

दादाचा सलाम. अम्मालाही सलाम सांग, मी मजेत आहे म्हणून सांग. भात आहे, सुकी मासळी आहे. माझ्या जोडीनं बुडी मारणारा बोहारी मिरचीचा ठेचा असा वाटतो की डोळ्यांतून पाणी येतं. तळावरून वेचायची समुद्रकाकडीही बरी मिळतेय. कॉलेजातला तुझा तो हवा गाळायचा डबा कुठवर आला? बोटीवरच्या इंजिनाचा धूर आमच्या श्वासाच्या नळीत शिरू नये म्हणून तू एवढी शिकतेस, नि आम्ही इथं हसतो, "धूर नसला तर हवेला चव कसली!"

अक्षर वेडंवाकडं आलंय, रागावू नको. पालथा पडून लिहितोय.

काल बुडी मारून वर आलो तेव्हा गुडघ्यांत मुंग्या होत्या. म्हटलं, नेहमीचंच. जेवणापर्यंत पाय लाकडासारखे झाले. आज लघवीही होत नाही. हे अम्माला वाचून दाखवू नको.

खोलातून घाईनं वर आलं की असं होतं, आणि उपाय आमच्यात सगळ्यांना ठाऊक: माणसाला परत तेवढ्याच खोल न्यायचं. ओहोटी लागली की आमच्या बोटीचे तांडेल दाएंग नाबा मला दोर बांधून खाली सोडणार आहेत. इथं सिग्नल नाही, पण त्यांच्या फोनात बंदरात असताना नेटवरून साठवलेली पाच पानं आहेत. पाचही हेच सांगतात. माझ्या फोनात तू मागं पाठवलेलं एकच लांबलचक पान. ते सांगतं, असं परत खाली नेऊ नका, माणूस बुडेल नाहीतर कायमचा लुळा होईल. प्राणवायू द्या, दवाखाना गाठा.

दाएंग म्हणाले, "पाच जण खोटे, आणि तुझी बहीण तेवढी खरी होय रे?"

तेव्हा तुझं शिकवणं आठवलं. कोणी लिहिलं, कधी, त्याला काय विकायचंय, आणि स्वतः बघून सांगतोय की दुसऱ्याचं ऐकून. ओळीखाली बोट धरून सगळं पुन्हा वाचलं, माझं वाचन तुला माहीतच आहे. पाचही पानांवर वाक्यं तीच. फोटो तोच, कोपऱ्यात नख फुटलेला अंगठाही तोच. नाव कुणाचंच नाही. एका पानाच्या तळाशी तर नळ्या विकायला काढलेल्या. तुझ्या पानावर डॉक्टरणीचं नाव, दवाखान्याचं गाव, तारीख, आणि कुठले रोगी बघून ती सांगते तेही.

"पाच जण नाहीत, दाएंग. एकच आहे. हा अंगठा बघा."

"अंगठा काय दाखवतोस? तिघांना मी ह्या हातांनी खाली नेऊन चालतं केलंय."

"आणि जे चालले नाहीत ते?"

दाएंग सिगारेट ओढत राहिले. बोहारी ठेचा वाटत होता. मान वर न करता म्हणाला, "माझा भाऊ धरा की त्यात."

हस्निया, मला फार भीती वाटते गं. तुझं पान खरं, पण त्यातलं इथं आहे काय? प्राणवायू नाही. दवाखाना कुठल्या कुठं. पाणी मात्र हाताशी आहे, त्यात पाय हलकेही होतील. मन म्हणतं, जा खाली. पाच-पाच वेळा म्हणतं.

बंदराला मासळी नेणारी बोट शेजारी लागलीय, तिथून दवाखाना गाठीन. बोहारी मला पाठीवर घेऊन तिच्यावर चढवणार आहे. दाएंग होही म्हणाले नाहीत, नाहीही. हे पत्र त्या बोटीच्या तांडेलाकडे देतो. वाटेत माझी वाचा गेली तर तो पोचवील.

तुझ्या डब्यासाठी तू विचारलं होतंस, किती खोल जाता, किती वेळ राहता, वर कसे येता. तू घाबरशील म्हणून मी टाळत आलो. आता लिहून घे. बावीस वाव, तुझ्या मापानं चाळीसेक मीटर खोल. भात शिजून गार होईल एवढा वेळ. वर येताना थांबायला हवं होतं, थांबलो नाही, कारण नळीतून धूर आला आणि जीव घुसमटला.

खाली सांगणाऱ्याचं नाव लिही, तारीख लिही. स्वतः भोगून सांगतोय. विकायला काही नाही.

डबा पुरा कर.

अजून पाण्याच्या वर असलेला,
तुझा दादा सांकाला