पाण्याआधीची प्रार्थना

लातूर, ता. ४ फेब्रुवारी १९८३

चि. नरसिंगास अक्काचे अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावाने सलाम. ती. आईस सा. न.

पत्रास कारण की, लातूर जिल्हा झाल्यापासून इथं कचेऱ्याच कचेऱ्या निघाल्या आहेत. तुझे दाजी सांगत होते, कारकुनांच्या राखीव जागा भरायच्या आहेत. मुखेडच्या तहसिलीतून जातीचा दाखला आणलास की काम झालं. फक्त त्यात 'हिंदू' लिहावं लागतं, ख्रिस्ती लिहिलं की सवलत गेली. बाप्तिस्मा झाला म्हणून गावानं आपल्याला पाटलाच्या विहिरीवर बोलावलं नाही, मग सवलत का सोडायची, असं दाजी म्हणतात. मलाही पटतं. शिवाय आबांनी तुझं नाव ठेवलं तेव्हा आपण चर्चात गेलोच नव्हतो, ते आता कामी येईल बघ! बी.ए. झालेला भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडतो, हे मला इथं कुणाला सांगवत नाही.

तुझी वाट पाहणारी,
सिंधुअक्का

मुखेड, ता. १५ फेब्रुवारी १९८३

ती. सिंधुअक्कास सा. न. आणि सलाम. दाजींनाही सांगणे.

अर्ज दिला. चौकशीला साहेब घरी येणार आहेत. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. एका शब्दाचं तर काम, असं सकाळी वाटतं आणि संध्याकाळी त्याच शब्दाची भीती वाटते. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले की, माझा पगार मिशन देतं, मी तुला उपाशी राहा कोणत्या तोंडानं सांगू?

आईला विचारलं तर म्हणाली, तुला कराचं ते कर बाबा. मग स्टूल घेतलं आणि 'ख्रिस्त या घराचा धनी आहे' ही पाटी स्वतःच उतरवली. धुरानं काळ्या झालेल्या भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. त्यावर मी किराणा दुकानातलं लक्ष्मीचं कॅलेंडर लावलं. बायबल आणि गीतांचं पुस्तक आईनं कणगीत ठेवलं, पाटी कणगीजवळ टेकवली. म्हणाली की, ज्वारी न्हाई तर न्हाई, कणगी रिकामी तर राहिली न्हाई. हसावं की काय करावं, कळेना.

तुझा गोंधळलेला भाऊ,
नरसिंग

मुखेड, ता. २ मार्च १९८३

ती. सिंधुअक्कास सा. न.

आधी तू खाली बस, मग वाच.

काल साहेब आले. माणूस भला होता. कॅलेंडर पाहिलं, नाव विचारलं, आबांचं नाव विचारलं, सगळं जमल्यात जमा होतं. मग त्यांनी पाणी मागितलं. सकाळीच आठवड्यानं टँकर आला होता. आईनं तांब्या भरून त्यांच्या हातात दिला आणि ते तोंडाला लावणार तोच हात जोडून, डोळे मिटून मोठ्यानं म्हणाली की, येशूराजा, असल्या दुष्काळात पाहुण्याला पाजायला पाणी दिलंस, तुझे लई उपकार, आमेन.

 साहेबांचा तांब्या हातातच राहिला. त्यांनी आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं की, म्हातारीला शेजारच्या ख्रिस्ती लोकांची सवय लागली असेल, नाही का? अक्का, नुसतं 'हाव, साहेब' म्हणायचं होतं गं. मी त्यासाठीच तोंड उघडलं. आणि म्हणालो की, न्हाई साहेब, आम्ही सगळेच असं म्हणतो.

त्यांनी सगळं पाणी पिऊन तांब्या आईला दिला, कागद पिशवीत घातला आणि निघून गेले. दाखला आता मिळत नाही. मी शूरपणा केला असं समजू नकोस. आज खडी फोडताना मला रडू आलं. चांगलं केलं की गाढवपणा, मला खरंच कळत नाही.

तुझा,
नरसिंग

लातूर, ता. ९ मार्च १९८३

चि. नरसिंगास आ.

तुझं पत्र वाचून दाजी बाहेर निघून गेले. मी तुझ्यावर रागावले आहेच, पण आईवर जास्त. जेवणाआधी तिनं डोळे मिटलेले मी इतकी वर्षं पाहिले. पाण्याआधी कधीच नाही. तिनं हे मुद्दाम केलं. पोटच्या पोराच्या पोटावर पाय दिला. तिला विचार आणि मला कळव.

अक्का

मुखेड, ता. १७ मार्च १९८३

ती. अक्कास सा. न.

विचारलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली की, मुद्दाम केलं का चुकून झालं, मलाच ठाव न्हाई. लई दिवसांनी भरला तांब्या हातात आला, तोंडातून निघून गेलं. पुढं म्हणाली की, सिंधीला लिही, मी निस्तं पाण्याचं बोलले. साहेबानं तुला पळायला वाट दिली तवा मी डोळे मिटूनच हुभी व्हते, तू काय म्हणतुस म्हणून भेत व्हते. पुढचं तुझं तू बोललास.

पाटी अजून कणगीजवळच होती. का लावली नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली की, मी काढली व्हती, आता लावायची तर तू लाव.

कॅलेंडर शेजारच्या गुरम्माला दिलं. पाटी काल मी लावली. खडीनं हाताला फोड आले आहेत, त्यामुळे जरा वाकडी बसली. गोंधळ अजून पुरता गेलेला नाही, पण रात्री झोप लागली. राग उतरला की ये, आणि तोवरही लोभ कमी करू नकोस.

तुझा भाऊ,
नरसिंग