सुटलेली सिगरेट

अहो,

भिक्षूला अशी हाक मारता येत नाही, म्हणून हे पत्र विहारात पाठवणार नाही.

नान शहरातल्या आपल्या गल्लीतल्या बहुतेक पुरुषांसारखे तुम्हीही सिगरेट ओढायचात. प्रयूरभाऊजी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, मग तुम्हालाही दम लागू लागला. मीच म्हणाले, "इतर पुरुष होतात तसे पावसाळाभर विहारात भिक्षू व्हा. तिथे तरी सिगरेट सुटेल."

"आणि मला तिथेच करमलं तर?"

"तुम्हाला? माझ्या हातच्या कालवणाशिवाय?"

सिगरेट सुटली, खोकलाही गेला. पावसाळा संपल्यावर बाकीचे घरी परतले, तुम्ही मात्र तिथेच राहिलात.

आज सकाळी शेजारणींसोबत रस्त्याकडेला गुडघे टेकून तुमच्या भिक्षापात्रात चिकट भात घालताना तुमचा श्वास ऐकला. अगदी मोकळा होता. तुम्ही पुढे गेलात, शेजारणी उठल्या. मला मात्र उठवेना.

तुमचीच,
लमयाई