पासपोर्टच्या चौकशीत पत्नीने मला न ओळखल्याबाबत

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे, सोनखेडी,
जि. यवतमाळ.

अर्जदार : देवसिंग उकंडा आडे, वय ६९, सेवानिवृत्त एस.टी. चालक, रा. सोनखेडी तांडा.

विषय : पासपोर्टसाठी माझ्या पत्त्याची तिसऱ्यांदा चौकशी होणेबाबत.

संदर्भ : आपल्या ठाण्याचे दि. १२ मे व २ जून २०२५ चे प्रतिकूल अहवाल.

मान्यवर साहेब,

१. आमच्या तलावावर दर हिवाळ्यात पट्टकादंब नावाचे रानहंस उतरतात. दोन वर्षांपूर्वी त्यांतील एकाच्या गळ्यात हिरवी पट्टी दिसली. दुर्बिणीतून तिच्यावरची अक्षरे उतरवून पक्षी-अभ्यासकांना कळवली असता, तो मंगोलियातील एका तळ्यावरचा असल्याचे उत्तर आले. पाहुणा दरवर्षी आपल्याकडे येतो आणि आपण एकदाही त्याच्याकडे जाऊ नये, हे आमच्यात बसत नाही. त्या तळ्याजवळ हॉटेल नाही. म्हणून मी व पत्नी सौ. रुपीबाई यांनी आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅन ५ ते २५ जुलैसाठी भाड्याने ठरवली आहे. जुलैत या पक्ष्यांची पिसे गळतात, त्यांना उडता येत नाही, पिल्लांसह ते पाण्यावरच सापडतात. २ ऑगस्टला मला सत्तर पूर्ण होतात आणि गाडीवाले सत्तरीपुढच्या माणसाच्या हाती चावी देत नाहीत. पत्नीस गाडी चालवता येत नाही. म्हणजे या जुलैत गेलो तर गेलो. व्हिसासाठी पासपोर्ट २० जूनच्या आत हवा.

२. दि. १२ मे रोजी आपले शिपाई आले तेव्हा मी तलावावर होतो. त्यांनी तांड्याचे नायक धावजी, वय ८६, यांना विचारले. खाकी पाहताच नायक म्हणाले, "असा कोनी मानूस इथं राहत नाही, साहेब." पारावर बसलेल्या सात जणांनी मान डोलावली. मी जाब विचारला तर उत्तर मिळाले, "तुले वाचवलं बे आमी! कायले तापून राह्यला?" (आपसांत आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, बोलतो, येथे मराठी करून दिले आहे.) पोलीस दिसले की माणूस लपवायचा, ही आमच्याकडची फार जुनी रीत. आम्हाला जन्मावरून गुन्हेगार ठरवणारे कायदे बदलले, रीत बदलली नाही. शिपायांनी ऐकले तेच लिहिले, त्यांचा दोष नाही.

३. त्यानंतर मी बैठक बोलावून सर्वांना समजावले. दि. २ जून रोजी अर्ध्या तांड्याने शिपायांना मिरवत माझ्या दारापर्यंत आणले. मी नेमका दारव्ह्याच्या बाजारात होतो. अंगणात मी चुन्याने गाडीच्या मापाची चौकट आखली होती, सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद. सवय व्हावी म्हणून आम्ही आठ दिवस तिच्यातच रांधत व झोपत होतो. पत्नी त्या चौकटीत बसून भाकरी थापत होती. देवसिंग आडे कुठे आहेत, या प्रश्नावर तिने उत्तर दिले, "कोन देवसिंग? मले नाही माहीत." रेषा कशाच्या, असे विचारल्यावर तिने पुढची भाकरी थापायला घेतली. अहवालात लिहिले आहे : पत्नी म्हणून नमूद महिला अर्जदारास ओळखत नाही, अंगणात संशयास्पद आखणी.

४. साहेब, एकतीस वर्षांच्या नोकरीत मी प्रवाशांवर ओरडलो नाही तेवढा त्या दिवशी तिच्यावर ओरडलो. यायचे नव्हते तर सरळ सांगायचे होते, असेही बोललो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने सांगितले. सात वर्षांची असताना चोरीच्या तपासात तिच्या दारात पोलीस आले होते. बापाचे नाव विचारले तेव्हा तिने हौसेने नाव सांगितले आणि मागच्या गोठ्याकडे बोटही दाखवले. चोरी दुसऱ्याच कुणाची निघाली. बाप अकरा दिवसांनी परत आले, ते पाय ओढत. "तवापासून मी पोलिसाले कोनाचंच नाव सांगत नाही," एवढेच ती म्हणाली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मला हे ठाऊक नव्हते. इतर बायांसारखी ती रीत म्हणून माझे नाव घेत नाही, असेच मी समजत होतो. माझ्या ओरडण्याची मला लाज वाटते. अर्जात याला जागा नाही, तरी लिहितो.

५. मी जाणे रद्द करण्यास तयार होतो. तिने नकार दिला. "जाच लागते," म्हणाली. या वेळी मी घरातच राहणार आहे. पण मी आधी बोलायचे नाही, उत्तर तिलाच द्यायचे आहे, अशी तिची अट आहे. शिपाई गणवेशात आले तरी चालेल, हेही तिनेच सांगितले.

तरी दि. १६ जूनपूर्वी चौकशी व्हावी. मात्र प्रश्न विचारल्यावर उत्तर लगेच येणार नाही. काल तिने माझ्यासमोर बसून नाव घेऊन पाहिले. 'देव' म्हणून थांबली, पदराने तोंड पुसले, आणि पुढचे यायला बराच वेळ लागला. पण आले, माझ्या वडिलांच्या नावासह आले. आपल्या शिपायांनी तेवढा वेळ मोटारसायकल सुरू करू नये, एवढीच विनंती.

आपल्याच हद्दीत खरोखर राहणारा,

(सही)
देवसिंग उकंडा आडे
दि. ९ जून २०२५